पाठलाग त्यांचा, भिंत आपली! भरपाई कोणाकडे मागायची?

वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

या वेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतेय. मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेले होते की सरकारी गाडीला इन्शुरन्स काढणं कायद्याने सक्तीचं नाही, तर त्या एका ओळीवरून "म्हणजे पोलिसांच्या गाडीने आमचं नुकसान केलं तर बोंबलत बसायचं का" अशी पत्रं आली. बोंबलायचं नाही, अर्ज करायचा, पण योग्य ठिकाणी आणि वेळेत. नावं-गावं सगळ्यांनीच छापू नका म्हटलंय म्हणून छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं घर तालुक्याच्या गावात मेन रोडला लागून आहे. मे महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला एक पिकअप भरधाव आली, मागे पोलिसांची जीप सायरन वाजवत. आमच्या वळणावर पिकअपवाल्याचा कंट्रोल गेला आणि तो गेट उडवून, कंपाउंड पाडून थेट आत, अंगणात माझी स्कूटर उभी होती तिचा पण चुराडा. ड्रायव्हर पळाला, चार दिवसांनी सापडला, गाडीत चोरीची केबल होती म्हणे. गवंडी आणि फॅब्रिकेशनवाला मिळून १ लाख ४० हजार सांगतायत, स्कूटर वेगळीच. पोलीस स्टेशनला पाच चकरा झाल्या, साहेब म्हणतात आमची गाडी तुमच्या भिंतीला लागली का? नाही ना? मग त्याच्याकडून घ्या. आमची मंडळी म्हणते यांनी पाठलाग केला नसता तर तो एवढ्या जोरात आलाच नसता. कोण बरोबर?

उत्तर : दादा, वहिनींचं म्हणणं मनाला पटतं पण कोर्टात सिद्ध करायला जड आहे, आणि साहेबांचं वाक्य अर्धंच खरं आहे. पण त्याआधी एक सांगते, या सगळ्यात तुम्ही जी सगळ्यात मोठी चूक करताय ती म्हणजे पोलीस स्टेशनच्या चकरा. पोलीस स्टेशन कोणालाही भरपाई देत नाही हो, त्यांच्याकडे तसं खातंच नाही. तिथून तुम्हाला फक्त कागद पाहिजेत. भरपाईचं दार दुसरंच आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे आपण ज्याला एमएसीटी म्हणतो ते, जिल्हा कोर्टातच असतं. लोकांना वाटतं तिथे फक्त मयत आणि जखमींचे क्लेम चालतात, तसं नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६५ आणि १६६ मध्ये मालमत्तेच्या नुकसानीचा स्पष्ट उल्लेख आहे, भिंतीचा मालक म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. जिथे हे न्यायाधिकरण, म्हणजे ट्रिब्युनल आहे तिथे अशा क्लेमसाठी सिव्हिल कोर्टात जाता येत नाही, कलम १७५, त्यामुळे तुमचा रस्ता ट्रिब्युनलचाच.

आणि मुदत! २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असं आलंय. तुमचा अपघात मेमधला, म्हणजे नोव्हेंबर. साहेब आज बघू उद्या बघू करत राहतील आणि त्यात त्यांचा वाईट हेतू असेलच असं पण नाही, पण तुमचे तीन महिने गेले ना.

आता क्लेम कोणावर. पहिला नंबर पिकअपचा, ड्रायव्हर, आरसीवर ज्याचं नाव आहे तो मालक, आणि तिची इन्शुरन्स कंपनी. थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये आपण फक्त माणसांचा विचार करतो पण त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान पण येतं, चारचाकी आणि कमर्शियल गाड्यांना साधारण साडेसात लाखांपर्यंत, टू व्हीलरला एक लाखापर्यंत. फक्त काही मालक हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून हे कव्हर ६ हजारांवर आणून ठेवतात, त्यामुळे पॉलिसीची कॉपी मिळवून बघाच, नाहीतर कंपनी सहा हजाराचा चेक दाखवेल आणि तुम्ही चक्रावाल. तसं निघालं तर वरची रक्कम मालक आणि ड्रायव्हरकडून. पिकअपच चोरीची निघाली तर कंपनी वाद घालणार हे धरून चाला, तरीही तिला पार्टी, म्हणजे सामनेवाला, करायचंच, सुरुवातीला वगळलं आणि नंतर जोडायला गेलं की वेळ जातो.

दुसरा नंबर पोलिसांचा, वहिनींचा मुद्दा. कायद्याचे शब्द "वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात" असे आहेत, "वाहनाने धडक दिली" असे नाहीत, आणि या दोन्हीत खूप फरक आहे. आपल्याच पुणे-बंगलोर हायवेवर १९८७ मध्ये एक पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला होता, पहाटे तीनला, आणि तो फुटला सकाळी सव्वासातला, म्हणजे चार तासांनी, लोक पेट्रोल भरायला जमले होते तेव्हा. कंपनी म्हणाली टँकर तर उभाच होता, वापर कुठे? सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं की वापर हा शब्द असा चिंचोळा घ्यायचा नाही. त्यामुळे "आमची गाडी लागली नाही" एवढ्यावर साहेब सुटत नाहीत.

पण. ट्रिब्युनलला निष्काळजीपणा दाखवावा लागतो. चोराच्या मागे पोलीस लागले हा निष्काळजीपणा नाही, ते तर कामच आहे त्यांचं, उद्या नाही लागले तर आपणच म्हणू की झोपा काढतात. तुम्हाला दाखवावं लागेल की जीप पिकअपला बाजूने घासत होती, किंवा वस्तीत अमुक वेगाने एकदम मागून ढकलल्यासारखी चालवली, पुढे बॅरिकेड लावायची सोय असताना लावली नाही, असं काहीतरी ठोस. असं असेल तर मात्र जरूर जोडा, कारण दोन गाड्यांच्या एकत्रित चुकीने नुकसान झालं तर पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते, आपापसातली वाटणी त्यांनी बघावी, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पिकअपवाला कफल्लक निघाला तर हे फार कामाचं आहे. आणि ठोस काही नसेल तर उगाच रागापोटी जोडू नका, सरकारी वकील आला की तारखा वाढतात आणि पिकअपच्या कंपनीकडून जे वेळेत मिळालं असतं ते पण लांबतं. मी स्वतः सीसीटीव्ही बघितल्याशिवाय अशी पार्टी जोडत नाही.

कागदांचं सांगते. एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा यांची कॉपी घ्या आणि घरी आणून नीट वाचा. आमच्या इकडे पंचनाम्यात "कंपाउंड भिंतीचे किरकोळ नुकसान" हे वाक्य इतकं ठरलेलं आहे की अख्खी भिंत आडवी असली तरी किरकोळच असते! तुमचंही तसंच असेल तर लगेच पुरवणी जबाबासाठी लेखी अर्ज द्या, किती फूट भिंत, किती उंच, गेट किती किलोचं, स्कूटरचा नंबर, सगळं लिहून, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, इनवर्ड नंबरसकट. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर पहिल्याच आठवड्यात फुटेज घ्यायला पाहिजे होतं, बहुतेकांचं थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, तरी विचारा, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवलेलं असतंच. जीपचं लॉगबुक आणि कंट्रोल रूमची त्या रात्रीची नोंद माहितीच्या अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तपास चालूय म्हणून नाकारतील कदाचित, तो नकार पण लेखी घ्या. भिंत पडलेली ठेवून कोणी राहू शकत नाही हे मला कळतं, दुरुस्ती करून घ्या, पण त्याआधी फोटो, दोन कोटेशन आणि नंतर जीएसटीचं पक्कं बिल. गवंड्याच्या वहीतल्या पानावर सही घेऊन येतात लोक, त्याने कोर्टात निभाव लागत नाही. स्कूटरचा स्वतःचा फुल इन्शुरन्स असेल तर ती तिकडून करून घ्या, त्याच नुकसानीचे पैसे दोनदा मात्र मिळत नाहीत.

प्रश्न : ताई, मी वडिलांच्या वतीने टाईप करतोय. वडील चौकात फळांची हातगाडी लावतात, १८ वर्षं झाली. मोबाईल चोर बाईकवर पळत होते, पोलिसांची गाडी त्यांच्या मागे वळताना सरळ हातगाडीवर आली. वडील चहाला गेले होते म्हणून वाचले. हातगाडी, इलेक्ट्रॉनिक काटा, मोठी छत्री आणि सफरचंदाच्या पेट्या मिळून ४६ हजाराचं नुकसान. ड्रायव्हर चांगला होता, सॉरी म्हणाला, पण नंतर दुसरे साहेब म्हणाले तुझीच गाडी अतिक्रमण आहे, जास्त बोललास तर तुझ्यावरच केस करीन. एक वकील म्हणाले सरकारवर केस होत नाही, पोलिसांचं काम सार्वभौम असतं. खरं आहे का?

उत्तर : बाळा, आधी वडिलांना सांग जीव वाचला हेच मोठं. इथे धडक पोलिसांच्याच गाडीची आहे त्यामुळे तुमची केस वरच्या दादांपेक्षा कितीतरी सोपी आहे. त्या गाडीचा मालक महाराष्ट्र शासन. राज्य सरकारच्या मालकीची आणि धंद्यासाठी न वापरलेली गाडी इन्शुरन्सच्या सक्तीतून वगळली आहे, कलम १४६. याचा अर्थ भरपाई नाही असा नाही, कंपनीच्या जागी सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यायची असा आहे. अर्जात ड्रायव्हर, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि महाराष्ट्र शासन यांना सामनेवाले करा.

त्या वकिलांनी जे सांगितलं ते कुठून आलं ते सांगते, किस्सा भारी आहे. फाळणीच्या गोंधळात, सप्टेंबर १९४७ मध्ये, अमृतसरचा एक सराफ सोनं-चांदी घेऊन मेरठला आला, पोलिसांनी संशयावरून पकडलं, शंभर तोळ्यांच्या वर सोनं आणि कितीतरी चांदी मालखान्यात जमा केली. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं, पुढे चांदी परत दिली. सोनं? ते हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पसार! सराफ सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि हरला. कोर्ट म्हणालं पोलिसांचा निष्काळजीपणा उघड आहे, पण अटक करणं, माल जप्त करणं ही सार्वभौम सत्तेची कामं, त्यात झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही. कस्तुरीलाल केस म्हणतात तिला, निकाल १९६४ चा. निकालातच कोर्टाने म्हटलंय की हे बरोबर वाटत नाही, विधिमंडळाने कायदा करावा. तो कायदा आजपर्यंत झालेला नाही. सरकारी वकील अजून तीच केस काढतात, मी स्वतः किमान दहा वेळा ऐकलीय.

पण त्या केसच्या आधीपासून दुसरी बाजू पण आहे. उदयपूरच्या कलेक्टरची जीप वर्कशॉपमधून परत आणताना ड्रायव्हरने पायी चालणाऱ्याला उडवलं, तो गेला, आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. पुढे १९९४ मध्ये आंध्रातल्या एका व्यापाऱ्याचा जप्त केलेला खताचा आणि धान्याचा साठा सरकारी ढिलाईने खराब झाला, त्यात कोर्टाने सांगितलं की लोकशाहीत राजाच्या काळातली ही ढाल आता सगळीकडे पुढे करता येणार नाही. संरक्षण, परराष्ट्र धोरण असली मोजकी कामं सोडून सरकार सामान्य मालकासारखंच जबाबदार. आणि तुमच्याकडे तर ट्रिब्युनल आहे, सरकारी गाड्यांच्या अपघातात तिथे नेहमी भरपाईचे आदेश होतात. ही ढाल तिथे फार टिकत नाही.

ते म्हणतील सायरन होता. असू दे की. २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांप्रमाणे इमर्जन्सीतल्या गाडीला सिग्नल ओलांडायची, वेग वाढवायची मुभा आहे, पण काळजी घेऊन. सायरन म्हणजे आंधळेपणाचं लायसन नाही.

अतिक्रमणाच्या धमकीला घाबरायचं नाही. हातगाडी चुकीच्या जागी असेल तर ती उचलून नेण्याची पद्धत ठरलेली आहे, त्यात तिच्यावर गाडी घालणं बसत नाही. फार तर रस्त्यात पुढे आलेली होती म्हणून रक्कम थोडी कमी होईल. वडिलांकडे पथविक्रेता कायदा २०१४ खालचं प्रमाणपत्र किंवा नगरपालिकेच्या सर्वेची पावती असेल तर ती अर्जाला लावा, नसेल तरी क्लेम बुडत नाही. पेट्यांसाठी मार्केट यार्डातल्या आडत्याची चिठ्ठी, काट्याचं बिल, नसेल तर त्याच कंपनीच्या काट्याचं आजचं कोटेशन.

आणि ज्या ड्रायव्हरने सॉरी म्हटलं त्याच्याबद्दल, त्याचं वाईट करायची इच्छा नाही असं तू पुढे लिहिलंयस, ते वाचून बरं वाटलं. त्याला औपचारिक पार्टी करावं लागतं, पण सरकार मालक म्हणून पैसे देतं. तुला त्याच्यावर वैयक्तिक दावा किंवा खटला टाकायचा असता तर महाराष्ट्र पोलीस कायद्याची दोन कलमं आडवी आली असती, १५९ चं सद्भावनेने केलेल्या कामाचं संरक्षण आणि १६१ ची सहा महिन्यांची मुदत, दाव्याला वर एक महिन्याची नोटीस. एवढ्या भानगडी ४६ हजारासाठी कशाला, ट्रिब्युनलच बरं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच असतं, वडिलांचं उत्पन्न मर्यादेत बसलं तर वकील फुकट मिळतो.

प्रश्न : माझा टेम्पो आहे, भाजीपाला वाहतो. नाकाबंदीला पोलिसांनी मला थांबवलं आणि म्हणाले एक गाडी पळून येतेय, टेम्पो रस्त्यात आडवा लाव आणि बाजूला हो. मी लावला. ती कार येऊन टेम्पोला धडकली, चेसिस वाकली, २२ दिवस गॅरेजला. पोलिसांनी शाबासकी दिली, चहा पाजला. इन्शुरन्स कंपनी म्हणते तुम्हीच मुद्दाम आडवा लावला. हप्ते कोण भरणार ताई?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाकी सगळ्यांच्या वस्तूंचं नुकसान चुकून झालंय, तुमची वस्तू मात्र पोलिसांनी ठरवून वापरली आणि म्हणूनच माझ्या मते तुमचा हक्क सगळ्यांपेक्षा पक्का आहे.

आरोपी पळू नये म्हणून पोलिसांनी वाजवी मदत मागितली तर नागरिकाने ती करायची, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१ मध्ये आहे, आधी सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ३७ होतं. म्हणजे तुम्ही नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हता, आणि रात्री नाक्यावर खाकी वर्दीसमोर कोण नाही म्हणतंय. पण त्या कलमात मदत करणाऱ्याने आपला टेम्पो फुकट मोडून घ्यावा असं कुठेही लिहिलेलं नाही. राज्यघटनेचं कलम ३००-अ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही.

जगात हा वाद जुना आहे. १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनच्या दाराशी आल्या तेव्हा इंग्रजांनी तिथले तेलाचे साठे आणि यंत्रं स्वतःच उडवून दिली, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. तेल कंपनी स्कॉटलंडात कोर्टात गेली, शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की सरकारने सगळ्यांच्या भल्यासाठी एकाची वस्तू ठरवून नष्ट केली तर पैसे द्यायला पाहिजेत. मग पार्लमेंटने काय केलं? १९६५ मध्ये मागल्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकालच निकामी केला! सरकार कुठलंही असो, खिशात हात घालताना सारखंच.

तुमचं काम असं. पहिलं, स्टेशन डायरीत "पोलिसांच्या सांगण्यावरून टेम्पो आडवा लावला" ही नोंद आहे का ते बघा, नसेल तर आज तुमचा लेखी जबाब द्या आणि साक्षीदार म्हणून नाक्यावरच्या चहावाल्याचं किंवा मागच्या ट्रकवाल्याचं नाव टाका. सगळी केस या एका वाक्यावर उभी आहे. चहा पाजणारे साहेब उद्या बदलून गेले की आठवण राहत नाही कोणाला. दुसरं, धडकलेल्या कारच्या मालकावर आणि कंपनीवर ट्रिब्युनलमध्ये क्लेम, त्यांच्यासाठी तुमचा टेम्पो थर्ड पार्टीच आहे, त्यात शासनालाही सामनेवाला करा. २२ दिवसांच्या बुडालेल्या भाड्याचा हिशोब जोडा, मागच्या तीन महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी काढून. तिसरं, तुमच्या कंपनीला लेखी उत्तर द्या की मी मुद्दाम नाही, पोलिसांच्या हुकमावरून लावला, आणि तरीही नाकारलं तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि पोलीस अधीक्षकांना एक वेगळं साधं पत्र लिहा, भांडणाचं नाही, झालेली हकीकत आणि खर्च. वरिष्ठांच्या शिफारशीने खात्याकडून काही निघालं तर निघालं. मदत केलेल्या माणसाला पैशासाठी कोर्टात बोलवायची लाज वाटणारे अधिकारी असतात, कमी असतात पण असतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मासिक ऑनलाईन वाचते. चोरलेल्या कारचा पोलीस पाठलाग करत होते, त्या कारने आमची रस्त्यावर पार्क केलेली गाडी ठोकली. चोर पळाला. इथे तर सगळे म्हणतात अमेरिकेत लगेच सू करता येतं, मिळेल का काही?

उत्तर : ताई, मी तिकडची वकील नाही, त्यामुळे तिथल्या वकिलाला विचाराच, पण या विषयावर थोडं वाचलंय ते सांगते आणि ऐकून तुम्हाला भारत बरा वाटेल. न्यू जर्सीच्या कायद्यात पळणाऱ्या माणसाने केलेल्या नुकसानीबद्दल सरकारी संस्थेला थेट संरक्षण आहे, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये पाठलागाच्या केसमध्येच ते उचलून धरलं, पोलिसाने जाणूनबुजून गैरवर्तन केलं असेल तरच गोष्ट वेगळी. तरी क्लेम करायचाच असेल तर आधी ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती तारीख चुकवू नका. तुमचा खरा मार्ग स्वतःच्या पॉलिसीतलं कोलिजन कव्हर, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीच्या झालेल्या नुकसानीचं.

अमेरिकेत राज्य बदललं की उत्तर बदलतं. मिनेसोटात, मिनियापोलिसला, पोलिसांच्या पाठलागातून पळालेला एक जण गाडी सोडून अनोळखी घरात घुसला, पोलिसांनी अश्रुधूर सोडून घराची वाट लावली, आणि १९९१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शहराने भरपाई द्यावी, सगळ्यांच्या सुरक्षेचा खर्च एका निरपराध घरमालकाच्या डोक्यावर का? आणि कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ ग्रीनवुड व्हिलेजला, २०१५ मध्ये जवळजवळ तेच घडलं, दुकानातून शर्ट आणि बेल्ट चोरलेला माणूस गाडीतून पळाला, मग एका घरात शिरला, १९ तास वेढा, घर इतकं फोडलं की पाडून नवीन बांधावं लागलं. शहराने किती देऊ केले? ५ हजार डॉलर. फेडरल अपील कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं पोलिसी अधिकारात केलेलं काम आहे, घटनेप्रमाणे भरपाई लागत नाही, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. म्हणून म्हटलं, नुसता सू हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका.

प्रश्न : गाडीचा नंबरच कोणी घेतला नाही, पोलिसांनाही सापडली नाही, माझ्या दुकानाचं शटर आणि काच गेली. हिट अँड रनची सरकारी योजना आहे ना?

उत्तर : आहे, पण ती माणसांसाठी. मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर जखमी असेल तर ५० हजार, शटरला शून्य. तुमच्यासाठी उरतो दुकानाचा स्वतःचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे घरासाठी भारत गृह रक्षा आणि छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा अशा एकसारख्या पॉलिसी आहेत, त्यात बाहेरून गाडी येऊन आदळली तर तेही कव्हर होतं, कोणाची गाडी, का पळत होती, मागे पोलीस होते का, काही विचारत नाहीत. दुकानावर बँकेचं लोन किंवा कॅश क्रेडिट असेल तर बँकेने तुमच्या नावावर अशी पॉलिसी आधीच काढलेली असण्याची दाट शक्यता आहे, हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जातो आणि तुम्हाला पत्ता नसतो! उद्या सकाळी पासबुक घेऊन बँकेत जा, पॉलिसीची कॉपी मागा आणि सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत फुटलेली काच टाकून देऊ नका, पोत्यात भरून मागे ठेवा.